पुस्तके चाळण्याची रीत : अभ्यासग्रंथ, इतिहास आणि कथा-कादंबऱ्या एकत्र समोर असतील तेव्हा

‘चाळणे’ हे क्रियापद मराठीत धान्यालाही लागते आणि पुस्तकालाही. चाळताना काय वर राहावे आणि काय खाली जावे हे चाळणीच्या भोकांवर ठरते. भरड्याची चाळणी पिठाला चालत नाही. पुस्तकांच्या बाबतीत मात्र आपण बहुतेक वेळा एकच चाळणी सर्वांना लावतो. मुखपृष्ठ पाहतो, मलपृष्ठावरचा मजकूर वाचतो, पहिले पान उघडतो, मधली दोन-चार पाने भराभर उलटतो आणि मत बनवून मोकळे होतो. कादंबरीला ही पद्धत थोडाफार न्याय देते. अभ्यासग्रंथाला ती न्याय देत नाही, कारण त्याची पहिली पाने सर्वांत कोरडी असण्याचा संभव असतो. इतिहासाच्या पुस्तकाबाबत तर ती दिशाभूल करते, कारण आधाराशिवाय लिहिलेल्या इतिहासाची सुरुवात पुष्कळदा साधार इतिहासापेक्षा रंजक असते.

एखादे ग्रंथालय, जुन्या पुस्तकांचा ढीग किंवा कोणाकडून आलेली खोकी अशा ठिकाणी ही तिन्ही प्रकारची पुस्तके एकमेकांत मिसळलेली असतात. अशा संमिश्र संग्रहातून दोन-तीन तासांत आपल्या उपयोगाची पुस्तके कशी वेगळी काढावीत, प्रत्येक प्रकारात नेमके काय आणि कोणत्या क्रमाने पाहावे, याची पद्धत पुढे सांगितली आहे. सांगण्याच्या सोयीसाठी मी प्लेग हा एकच विषय उदाहरणादाखल धरला आहे. वैद्यकाचे अभ्यासग्रंथ, साथींचे इतिहास आणि साथीच्या पार्श्वभूमीवरचे ललित लेखन असे तिन्ही प्रकार या विषयात विपुल आहेत, आणि तिथे ते एकमेकांच्या हद्दीतही शिरतात.

चाळायला बसण्यापूर्वी

आपण काय शोधत आहोत हे एका वाक्यात कागदावर लिहावे. ‘प्लेगविषयी काहीतरी वाचायचे आहे’ हे पुरेसे नाही. ‘साथ आल्यावर शहरातील सामान्य माणसांनी काय केले हे जाणून घ्यायचे आहे’ असे वाक्य असेल, तर प्रत्येक पुस्तकाला विचारण्यासारखा प्रश्न हाती येतो. काहीही ठरवून शोधायचे नसेल, नुसतेच हिंडायचे असेल, तर तेही लिहून ठेवावे. त्या दिवशी प्रश्नाऐवजी आपले कुतूहल कशाने चाळवते याकडे लक्ष ठेवायचे असते. हे दोन्ही हेतू एकाच बैठकीत मिसळले, की शोधही पुरा होत नाही आणि भटकंतीचा आनंदही मिळत नाही.

सोबत एक वही, पेन्सिल आणि कागदाच्या पट्ट्या घ्याव्यात. शाईचे पेन पुस्तकांजवळ नको. पुस्तकांचे चार गट करण्याइतकी जागा असावी : आता वाचायचे, पुढे कधीतरी वाचायचे, फक्त संदर्भापुरते पाहायचे, आणि सोडून द्यायचे. तिसरा गट बहुतेक लोक करत नाहीत. अभ्यासग्रंथांपैकी बरेचसे खरे तर त्याच गटातले असतात, आणि ते पहिल्या गटात घातल्यामुळे पुढे महिनोन्महिने न वाचलेल्या पुस्तकांचे ओझे मनावर राहते.

पुस्तक हातात घेताना

कपाटातून पुस्तक काढताना त्याच्या कण्याच्या वरच्या टोकात बोट अडकवून ओढू नये. बांधणी आधी तिथेच फाटते. शेजारची दोन पुस्तके किंचित आत ढकलावीत आणि हवे ते पुस्तक कण्याच्या मध्यावर धरून बाहेर घ्यावे. हात स्वच्छ आणि कोरडे असले म्हणजे पुरे. कागदाच्या जुन्या पुस्तकांसाठी कापडी हातमोजे घालण्याची गरज नसते. उलट मोज्यांमुळे बोटांना पानाचा अंदाज येत नाही आणि ठिसूळ पान फाटते. पान वरच्या कोपऱ्याकडून उलटावे.

बोटाला थुंकी लावून पान उलटण्याची सवय पूर्णपणे सोडावी. पानांची नासाडी हे त्याचे एक कारण आहेच, पण आणखी गंभीर कारणही आहे. एकोणिसाव्या शतकातील काही कापडी बांधण्यांमध्ये ‘एमेराल्ड ग्रीन’ हा आर्सेनिकयुक्त चकचकीत हिरवा रंग वापरलेला आहे. अमेरिकेतील विंटरथर संग्रहालयात २०१९ पासून अशा पुस्तकांचा पद्धतशीर शोध घेतला जात आहे. त्या काळातील चकचकीत हिरव्या कापडाचे पुस्तक हाती आले, तर ते बाजूला ठेवावे, हात धुवावेत आणि संग्रह सांभाळणाऱ्या व्यक्तीला कळवावे.

तपकिरी पडलेली, कडा तुटणारी पाने म्हणजे पुस्तक फार प्राचीन आहे असे समजू नये. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून लाकडाच्या लगद्याचा आम्लयुक्त कागद सर्रास वापरात आला, आणि तो शंभर वर्षांतच ठिसूळ होतो. त्याआधीचा चिंध्यांपासून केलेला कागद पुष्कळदा आजही लवचिक असतो. म्हणून जास्त काळजी तुलनेने अलीकडच्या पुस्तकाचीच घ्यावी लागते. जुन्या प्रतीत पृष्ठांक सलग आहेत ना, हेही पाहावे. पुस्तक मोठ्या कागदावर छापून, घड्या घालून, बहुधा सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी बांधले जाते. त्यामुळे पाने गहाळ असतील तर एकदम अख्खा फर्मा गहाळ असू शकतो, किंवा एकच फर्मा दोनदा बांधला गेलेला असतो.

शीर्षकपानाची मागची बाजू

पुस्तक कोणत्याही प्रकारचे असो, सर्वांत आधी शीर्षकपान उलटून त्याच्या पाठीवरचा बारीक मजकूर वाचावा. मुखपृष्ठ हे विक्रीसाठी असते. हे पान नोंदीसाठी असते. इथे प्रथम आवृत्तीचे वर्ष, नंतरच्या आवृत्त्या, पुनर्मुद्रणे, अनुवाद असल्यास मूळ शीर्षक आणि मूळ भाषा, एवढे सगळे मिळते. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांतील फरक इथे नीट पाहावा. नव्या आवृत्तीत मजकूर बदललेला असण्याची अपेक्षा असते. पुनर्मुद्रणात तोच मजकूर पुन्हा छापलेला असतो. शंभर वर्षांपूर्वीचा इतिहास नवे मुखपृष्ठ लावून छापला, तर तो कपाटात अगदी नवा दिसतो, पण त्यातील ज्ञान शंभर वर्षांपूर्वीचेच राहते.

काही प्रकाशक या पानाच्या तळाशी १ ते १० असे आकडे ओळीने छापतात. पुढच्या प्रत्येक छपाईच्या वेळी सर्वांत लहान आकडा काढून टाकला जातो, म्हणून उरलेल्यांतला सर्वांत लहान आकडा हा आपल्या हातातील प्रत कितव्या छपाईची आहे ते सांगतो. पानावर आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक) असेल तर तोही काळाचा अंदाज देतो. हा क्रमांक आंतरराष्ट्रीय मानक म्हणून १९७० मध्ये आला आणि १ जानेवारी २००७ पासून तो दहा आकड्यांऐवजी तेरा आकडी झाला. फक्त दहा आकडी क्रमांक असेल, तर ती छपाई बहुधा २००७ च्या आधीची असते.

वर्ष पाहण्याला मी एवढे महत्त्व का देतो, हे प्लेगच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. अलेक्झांडर येर्सिन यांनी १८९४ मध्ये हाँगकाँग येथे प्लेगचा जिवाणू शोधला. चौदाव्या शतकात युरोपात पसरलेली महामारी याच जिवाणूची होती असे त्यानंतर सामान्यतः मानले गेले. परंतु १९८० च्या दशकापासून काही संशोधकांनी त्यावर गंभीर शंका उपस्थित केली आणि ती दुसऱ्याच एखाद्या रोगाची साथ असावी अशी मांडणी केली. पुढे २०११ मध्ये लंडनच्या ईस्ट स्मिथफील्ड दफनभूमीतील १३४८-५० च्या काळातील सांगाड्यांमधून याच जिवाणूचा जनुकीय आराखडा मिळवण्यात आला आणि वादाचा तो भाग मिटला. आता २००३ मध्ये छापलेल्या आणि २०१५ मध्ये छापलेल्या अशा दोन ग्रंथांची कल्पना करा. पहिल्यात रोगाच्या ओळखीवर एक संपूर्ण प्रकरण असणे स्वाभाविक आहे. ते चुकीचे नाही, त्या वेळची चर्चा त्यात आहे. पण वर्ष न पाहता ते प्रकरण वाचणारा माणूस मिटलेला वाद अजून चालू आहे असे समजून उठेल.

वर्ष पाहताना आणखी एक भेद करावा. लेखन झाले कधी, प्रकाशन झाले कधी आणि आपल्या हातातील प्रत छापली गेली कधी, अशा तीन तारखा असतात, आणि त्यांत मोठे अंतर असू शकते. सॅम्युअल पीप्स या इंग्रज अधिकाऱ्याने १६६० ते १६६९ या काळात लघुलिपीत दैनंदिनी लिहिली. लंडनची १६६५ ची प्लेगची साथ त्यात दिवसागणिक नोंदलेली आहे, पण ती दैनंदिनी प्रथम छापली गेली १८२५ मध्ये. ही गोष्ट पुढे सीमेवरच्या पुस्तकांची चर्चा करताना पुन्हा लागणार आहे.

अभ्यासग्रंथ : मागून पुढे

अभ्यासग्रंथ हाती घेतला की तो मागच्या बाजूने उघडावा. शेवटी विषयसूची असेल तर पहिली पाच मिनिटे तिथेच घालवावीत. कोणत्या नोंदीपुढे सर्वांत जास्त पृष्ठांक आहेत ते पाहावे. शीर्षक काहीही असले तरी ग्रंथाचा खरा विषय त्या दाट नोंदी सांगतात. ‘महामारी आणि समाज’ अशा धाटणीचे शीर्षक असलेल्या ग्रंथाच्या सूचीत ‘करवसुली’, ‘जमीनधारणा’ आणि ‘मजुरीचे दर’ यांच्यापुढे आकड्यांच्या रांगा असतील आणि ‘शोक’, ‘अंत्यविधी’, ‘अनाथ मुले’ यांचा पत्ताही नसेल, तर तो आर्थिक इतिहासाचा ग्रंथ आहे हे प्रस्तावना न वाचताच कळते. वर लिहून ठेवलेल्या प्रश्नाच्या दृष्टीने तो तिसऱ्या गटात जाईल.

त्यानंतर सूचीतली अशी एक नोंद निवडावी, की ज्याविषयी आपल्याला आधीपासून चांगली माहिती आहे, आणि तिच्यापुढच्या दोन-तीन पानांवर जाऊन वाचावे. आपल्या माहितीच्या जागी लेखक काटेकोर असेल, तर अपरिचित जागीही तो तसा असण्याचा भरवसा वाटतो. ही परीक्षा मला सर्वांत विश्वासार्ह वाटते. मलपृष्ठावरील कोणत्याही अभिप्रायापेक्षा मी तिच्यावर अधिक अवलंबून असतो. मात्र शोधताना एकाच शब्दावर अडून राहू नये. चौदाव्या शतकातील त्या साथीला आज ‘ब्लॅक डेथ’ म्हणतात, पण त्या काळातील लोक तिला ‘महामृत्यू’ अशा अर्थाच्या शब्दांनी ओळखत आणि ‘ब्लॅक डेथ’ हे नाव पुष्कळ नंतर रूढ झाले. सूचीकाराने यातला कोणता शब्द मुख्य नोंदीसाठी घेतला आहे हे ‘पाहा’ अशा निर्देशावरून कळते. ज्या ग्रंथात असे निर्देश विचारपूर्वक दिलेले असतात, त्याची सूची माणसाने कष्ट घेऊन केलेली असते.

सूचीच्या आधी संदर्भग्रंथसूची असते. तिच्यात तीन गोष्टी पाहाव्यात : मूळ कागदपत्रांचा वेगळा विभाग आहे का, सर्वांत अलीकडचा संदर्भ कोणत्या वर्षाचा आहे, आणि संदर्भ एकाच भाषेतले आहेत की अनेक. ग्रंथ २०१८ मध्ये छापलेला आहे आणि सर्वांत नवा संदर्भ १९९५ चा आहे असे दिसले, तर मजकूर फार आधी तयार झाला होता किंवा लेखकाने नव्या संशोधनाची दखल घेतली नाही, या दोहोंपैकी एक संभवते. टिपांचीही एक-दोन पाने नजरेखालून घालावीत. ‘तत्रैव’, ‘पूर्वोक्त’ अशा टिपांची सलग रांग एकाच पुस्तकाकडे बोट दाखवत असेल, तर ते प्रकरण त्या एका पुस्तकावर उभे आहे.

मग प्रस्तावनेकडे वळावे, पण ती पहिल्या ओळीपासून वाचू नये. अशा प्रस्तावनेचा शेवटचा भाग आधी वाचावा, कारण कोणत्या प्रकरणात काय आहे आणि लेखकाला काय सिद्ध करायचे आहे, हे तिथे मोजक्या वाक्यांत सांगण्याची रीत आहे. त्यानंतर उपसंहार. हे दोन्ही वाचून झाल्यावर लेखकाचे म्हणणे आपल्याला स्वतःच्या दोन वाक्यांत लिहिता आले पाहिजे. लिहिता येत नसेल, तर प्रस्तावना सुरुवातीपासून वाचावी. तरीही येत नसेल, तर तो ग्रंथ सध्या बाजूला ठेवावा. संपादित ग्रंथ असेल आणि प्रत्येक प्रकरण वेगळ्या लेखकाचे असेल, तर संपूर्ण ग्रंथाविषयी मत बनवण्याच्या भरीस पडू नये. आपल्या प्रश्नाशी जुळणारे एक प्रकरण शोधून त्याचा क्रमांक आणि लेखकाचे नाव लिहून घ्यावे.

एका अभ्यासग्रंथाला या सगळ्यासाठी पंधरा-वीस मिनिटे लागतात. ती दिलेली बरी असतात, कारण त्या ग्रंथाचे पाचशे पानी वाचन टळण्याची किंवा सार्थकी लागण्याची शक्यता त्यावर ठरते.

इतिहास : हे लेखकाला कळले कसे?

इतिहासाचे पुस्तक चाळताना मनात एकच प्रश्न सतत ठेवावा : हे लेखकाला कळले कसे? मधले कोणतेही एक पान उघडावे, त्यातले एक ठाम विधान निवडावे आणि त्याचा माग काढावा. विधानाला टीप आहे का, टीप मूळ कागदाकडे नेते की दुसऱ्या इतिहासकाराच्या पुस्तकाकडे, आणि टीप नसेल तर मजकुरातच आधार सांगितला आहे का, हे पाहावे. सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या इतिहासात प्रत्येक वाक्याला टीप नसते आणि तशी अपेक्षाही नाही. पण ‘त्या रात्री राजाच्या मनात भीती दाटून आली’ असे वाक्य आले, तर राजाने पत्र लिहिले होते का, कोणी जवळचा साक्षीदार होता का, हे कुठेतरी कळले पाहिजे.

संख्यांची परीक्षा विशेष काळजीने घ्यावी. लंडनच्या १६६५ च्या साथीबाबत त्या वर्षाच्या मृत्युपत्रकांमध्ये, म्हणजे मृतांच्या छापील याद्यांमध्ये, प्लेगने मेलेल्यांचा आकडा ६८,५९६ असा नोंदलेला आहे. एखादे पुस्तक हा आकडा तसाच देऊन पुढे जाते. दुसरे पुस्तक सांगते, की ही पत्रके चर्चच्या परगण्यांवरून दर आठवड्याला तयार होत, त्यामुळे अधिकृत चर्चबाहेर दफन झालेल्या अनेकांची नोंद त्यांत होत नसे. घरात प्लेग आहे असे जाहीर झाले की घर बंद केले जाई, म्हणून मृत्यूचे कारण लपवण्याकडे कुटुंबांचा कल असे. आणि या सगळ्यामुळे प्रत्यक्ष बळी सुमारे १,००,००० असावेत असा अंदाज केला जातो. दोन्ही पुस्तकांत आकडा आहे, पण तो आकडा कसा जन्माला आला हे दुसऱ्यानेच सांगितले आहे. ढिगातून एकच इतिहास घ्यायचा असेल, तर मी एवढ्या एका उताऱ्यावरून दुसरे पुस्तक उचलेन. ‘६८,५९६’ हा शेवटच्या एककापर्यंत नेमका दिसणारा आकडा ‘सुमारे एक लाख’ या मोघम आकड्यापेक्षा सत्यापासून अधिक दूर असू शकतो, ही गोष्ट चाळताना नेहमी ध्यानात ठेवावी.

तारखांविषयी एखादे निवेदन सुरुवातीला दिले आहे का, तेही पाहावे. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत जुनी ज्युलियन कालगणना चालू होती आणि तोवर वर्षाचा आरंभ अधिकृतपणे २५ मार्चला होत असे. त्यामुळे आपण ज्याला फेब्रुवारी १६६५ म्हणू, तो मूळ कागदावर फेब्रुवारी १६६४ असा लिहिलेला सापडतो. रशियाने ही कालगणना १९१८ मध्ये सोडली, म्हणून तिथली १९१७ ची ‘ऑक्टोबर’ क्रांती आजच्या दिनदर्शिकेप्रमाणे ७ नोव्हेंबरला येते. हिजरी वर्ष चांद्रमानाचे, सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने त्याचा सौर वर्षाशी मेळ घालताना आणखी गणित करावे लागते. अशा काळावर लिहिणाऱ्या लेखकाने आपण तारखा कशा दिल्या आहेत हे अर्ध्या पानात तरी सांगितलेले असावे. ते निवेदन दिसले की मला त्या लेखकाविषयी आदर वाटतो, कारण वाचकाला चकवा बसू नये म्हणून त्याने घेतलेली ती काळजी असते.

नकाशांवर ओझरती नजर टाकून भागते : नकाशा कोणत्या काळाचा आहे आणि त्याला प्रमाण दिले आहे का, एवढे पाहावे. चित्रांखालच्या ओळी मात्र वाचाव्यात. घटनेनंतर दोनशे वर्षांनी काढलेले चित्र घटनेचा पुरावा म्हणून छापले असेल, तर तिथे पुस्तकाची शिस्त सैल आहे.

सीमेवरची पुस्तके

संमिश्र ढिगात सर्वांत जास्त गफलत होते ती इतिहास आणि कल्पित यांच्या सीमेवरच्या पुस्तकांबाबत. डॅनिअल डिफो याचे ‘अ जर्नल ऑफ द प्लेग इयर’ हे पुस्तक याचे उत्तम उदाहरण आहे. लंडनच्या १६६५ च्या साथीची हकिगत त्यात ‘मी’च्या मुखातून आली आहे, निवेदक शहरातच राहिलेला नागरिक आहे, तो गल्ल्या सांगतो, बंद घरे सांगतो, मृत्युपत्रकांतले आकडे देतो, आणि शेवटी एच. एफ. अशी आद्याक्षरे येतात. पुस्तक प्रसिद्ध झाले १७२२ मध्ये. डिफोचा जन्म १६६० च्या सुमाराचा, म्हणजे साथीच्या वेळी तो जेमतेम पाच वर्षांचा होता. हे पुस्तक आणि पीप्सची दैनंदिनी शेजारी शेजारी ठेवून कोणतेही एक पान वाचले, तर डिफोचेच पान अधिक ‘खरे’ वाटण्याचा संभव आहे, कारण ते वाचकासाठी घडवलेले आहे. पीप्सच्या पानावर साथीच्या बातमीशेजारी कचेरीतली कामे, पैशांचा हिशेब आणि घरगुती कुरबुरीही येतात, कारण जगणे तसेच मिसळलेले असते. साक्षीदार कोण आणि कथाकार कोण हे पानाच्या रंगतीवरून ठरत नाही. लेखकाचे जन्मवर्ष आणि लेखनाचे वर्ष यांची वजाबाकी केल्यावर ते ठरते.

पण म्हणून डिफोचे पुस्तक टाकाऊ ठरत नाही. त्याने छापील पत्रके, आदेश आणि आठवणी यांचा बराच उपयोग केला आहे, आणि भीतीच्या दिवसांत शहर कसे वागते याचे त्याचे आकलन फार खोल आहे. ते कोणत्या गटात ठेवायचे एवढेच आपल्याला ठाऊक असावे लागते.

आजच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या शेवटी पुष्कळदा लेखकाचे टिपण असते. कोणती पात्रे खरी, कोणती कल्पित, कोणत्या घटनांचा क्रम बदलला, हे तिथे सांगितलेले असते. कथानकाचा उलगडा होणार नाही अशा बेताने ते आधी पाहायला हरकत नाही. दुसरी खूण भाषेची आहे. लोरेंझो वाल्ला या इटालियन विद्वानाने १४४० मध्ये ‘कॉन्स्टंटाइनचे दानपत्र’ (रोमन सम्राटाने पोपला सत्ता बहाल केल्याचा दस्तऐवज) बनावट असल्याचे दाखवले, ते त्याच्या लॅटिन भाषेवरून. चौथ्या शतकातील रोमन दस्तऐवजात येऊच नये असा ‘सॅट्रप’ हा अधिकारवाचक शब्द त्यात होता. कथेतले संवाद वाचताना हाच कान उपयोगी पडतो. मात्र दस्तऐवजातला कालविपर्यास त्याला खोटा ठरवतो. कथेतला तसे करेलच असे नाही. शेक्सपिअरच्या ‘ज्युलिअस सीझर’मध्ये यांत्रिक घड्याळाचे ठोके पडतात, तसे घड्याळ प्राचीन रोममध्ये नव्हते, तरीही नाटकाचे सामर्थ्य उणावत नाही.

कथा आणि कादंबऱ्या

इथे मागून पुढे जाणे वर्ज्य. शेवट पाहू नये, आणि मलपृष्ठावरचा मजकूर कथानक सांगत असेल तर पहिल्या दोन वाक्यांवरच थांबावे. पहिली तीन-चार पाने सलग, घाई न करता वाचावीत. मग साधारण एक तृतीयांश अंतरावरचे एक पान उघडावे. सुरुवातीवर प्रत्येक लेखक मेहनत घेतो. मधल्या पानावर त्याची रोजची चाल दिसते. त्या पानावर संवाद असतील, तर नावे झाकून कोण बोलते आहे हे ओळखता येते का ते पाहावे. वर्णन असेल, तर एक परिच्छेद ओठांतल्या ओठांत वाचावा. वाक्य जिभेवर कुठे अडते ते लगेच कळते.

कथासंग्रहाचे मात्र तुकडे करू नयेत. सर्वांत लहान कथा निवडून ती पूर्ण वाचावी, कारण कथेचा कस तिच्या शेवटापाशी लागतो. चौकटीतल्या कथांचा ग्रंथ असेल तर चौकट आधी वाचावी. बोकाचिओच्या ‘डेकॅमेरॉन’मध्ये १३४८ च्या साथीतून फ्लोरेन्स सोडून निघालेले दहा तरुण-तरुणी शंभर कथा सांगतात, आरंभीचे साथीचे वर्णन वगळून मधलीच एखादी हलकीफुलकी कथा चाळली, तर ही माणसे कशापासून दूर येऊन हसत आहेत हे कळत नाही आणि ग्रंथाविषयी चुकीचे मत होते.

अनुवादित पुस्तकात अनुवादकाचे नाव, मूळ भाषा आणि अनुवाद थेट केला आहे की तिसऱ्या भाषेवरून, हे पाहावे. एकाच कृतीचे दोन अनुवाद हाताशी असतील, तर दोहोंतला एकच परिच्छेद शेजारी ठेवून वाचावा. पाच मिनिटांत निवड होते.

तिन्ही प्रकार एका प्रश्नाभोवती

ग्रंथालयात एक विषय एका कपाटात राहत नाही. मेल्विल ड्यूई यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दशांश वर्गीकरणात वैद्यक ६०० च्या वर्गात येते, युरोपचा इतिहास ९४० मध्ये आणि इंग्रजी कादंबरी ८२३ मध्ये. म्हणजे प्लेगवरची तीन पुस्तके तीन वेगवेगळ्या भिंतींपाशी असू शकतात. म्हणून आधी तालिकेत (ग्रंथालयातील पुस्तकांच्या यादीत) विषयावरून शोध घ्यावा, मिळालेले वर्गांक लिहून घ्यावेत, आणि मग प्रत्येक वर्गांकापाशी जाऊन हव्या त्या पुस्तकाच्या डावी-उजवीकडची दहा-दहा पुस्तके पाहावीत. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत वाचकाचा वेळ वाचवणे हे एक सूत्र आहे. कपाटातील मांडणी त्याच हेतूने केलेली असते, आणि शेजारच्या पुस्तकांकडे न पाहता परतणे म्हणजे कोणीतरी आपल्यासाठी केलेले काम न घेताच निघणे होय.

वाचण्याचा क्रम ठरवताना मी सहसा इतिहासापासून सुरुवात सुचवतो. एक मध्यम आकाराचा, आधार सांगणारा इतिहास वाचला की काळ आणि स्थळ मनात पक्के होतात. मग कादंबरी, म्हणजे त्या काळात माणूस उभा राहतो. त्यानंतर अभ्यासग्रंथातले नेमके एक प्रकरण, कारण आता विचारण्याजोगे प्रश्न आपल्याजवळ असतात. कादंबरीने विलक्षण ओढ लावली असेल तर तिच्यापासून आरंभ करण्यात काहीच चूक नाही. फक्त अभ्यासग्रंथापासून आरंभ शक्यतो टाळावा.

पडद्यावर पुस्तके चाळताना शब्दशोधाची सोय असते, पण ती विषयसूचीची जागा घेऊ शकत नाही. शोधात तोच शब्द असलेली पाने मिळतात. सूचीत तो विचार असलेली पाने मिळतात, मग तिथे शब्द वेगळा का असेना. जुन्या छापील प्रतींवरून यंत्राने अक्षरे ओळखून केलेल्या फायलींत तर अक्षरेच चुकीची वाचलेली असतात, आणि देवनागरीतील जोडाक्षरांबाबत हा धोका अधिक असतो. तिथे शोध निष्फळ ठरला म्हणून उल्लेखच नाही असा निष्कर्ष काढू नये. अनुक्रमणिकेवरून प्रकरण उघडून पाने डोळ्यांनी पाहावीत.

नोंद ठेवताना

प्रत्येक पुस्तकासाठी वहीत चार ओळी पुरतात : लेखक, शीर्षक आणि आवृत्तीचे वर्ष, पुस्तकाचे म्हणणे एका वाक्यात, आपल्या प्रश्नाला लागू पडणारे पृष्ठांक, आणि ते कोणत्या गटात ठेवले व का. ‘सोडून द्यायचे’ या गटातील पुस्तकांचे कारण तर आवर्जून लिहावे, कारण सहा महिन्यांनी प्रश्न बदललेला असतो आणि ‘आर्थिक बाजू फार’ म्हणून सोडलेला ग्रंथ तेव्हा नेमका हवा असतो. उघड्या कपाटांच्या ग्रंथालयात चाळून झालेली पुस्तके स्वतः कपाटात खोचू नयेत. टेबलावर किंवा परतीच्या गाडीवर ठेवावीत, कारण चुकीच्या जागी गेलेले पुस्तक तालिकेत दिसते पण कोणाला सापडत नाही. पुस्तके परत ठेवण्याआधी त्यांतल्या कागदाच्या पट्ट्या काढाव्यात, आणि पट्टी काढण्यापूर्वी त्या पानाचा आकडा वहीत उतरवला आहे ना, ते पाहावे.